एक चप्पल ठेवा, किल्ली न्या

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. किल्ली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच तिजोरी आली असेल, नाहीतर एखाद्या किल्ल्याचा भलामोठा दरवाजा. तसलं काही मनात आणू नका. मी एका सार्वजनिक शौचालयाची किल्ली आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पण तिजोरीच्या किल्लीकडे कुणी पोट धरून, ओठ चावत, पायाला पायाची अढी घालत धावत आल्याचं मी कधी ऐकलं नाही. माझ्याकडे लोक तसेच यायचे. मी हातात पडले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

माझा जन्म एका कुलूपवाल्याच्या अंधाऱ्या दुकानात झाला. पितळेच्या पट्टीतून त्याने मला कापलं आणि कानशीने घासघासून माझे दात काढले. त्या वेळी अंगाची जी काही लाही लाही झाली, ती मी अजून विसरले नाही. माझ्याबरोबर माझी एक जुळी बहीणही घडली. तिला नगरपालिकेच्या कचेरीत नेऊन ठेवलं. कुठल्या कपाटात ठेवलं, ते ठेवणाऱ्यालाही पुढे आठवेना. आमची ताटातूट झाली ती कायमची.

आमचं शहर बघण्यासारखं आहे म्हणतात. कुठून कुठून माणसं येतात, माना वर करून घड्याळाचा मनोरा बघतात, फोटो काढतात. मग मान खाली आली की ती इकडेतिकडे बघू लागतात. ती तेव्हा काय शोधत असतात, ते मला विचारा. मनोऱ्याकडे, पुलाकडे, संग्रहालयाकडे जाणारे बाण शहरभर लावलेले आहेत. पण माणसाला खरी घाई ज्या जागेची असते, तिचा बाण सापडेल तर शपथ.

आमच्या चौकात मात्र अशी एक जागा होती. एक दार बायकांचं आणि एक पुरुषांचं. पूर्वी दोन्ही दारं उघडीच असायची. मग कुणी नळ पळवला, कुणी आरसा नेला, कुणी भिंतीवर आपलं प्रेम कोरून ठेवलं. नगरपालिकेने डोकं चालवलं आणि बायकांच्या दाराला कुलूप बसवलं. पुरुषांच्या दाराला बसवलं नाही, कारण त्या बाजूला पळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुलूप बसल्यावर किल्ली कुणाकडे ठेवायची हा प्रश्न आला, आणि समोरच्या छत्र्यांच्या दुकानात माझी रवानगी झाली.

ते दुकान छत्रीवाल्या काका-काकूंचं. ऊन असलं तरी चालायचं आणि पाऊस असला तरी. काकू तोंडाने फटकळ होत्या आणि काका इतके मऊ, की गिऱ्हाइकाने छत्री उघडून पाहिली आणि नको म्हटलं तरी हेच माफी मागायचे. त्यांनी मला गल्ल्यामागच्या खुंटीवर टांगलं. मला खुंटी कधीच आवडली नाही. एका जागी स्वस्थ राहायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. कुणी दारात आलं की मी खुंटीवरच हलू लागायचे.

सुरुवातीला मी वारंवार हरवायचे. बाया मला न्यायच्या, काम झालं की हलक्या मनाने मनोऱ्याकडे चालू लागायच्या आणि मी त्यांच्या खिशात. मग काकांनी एका मोडक्या छत्रीची वाकडी लाकडी मूठ घेतली आणि मला दोरीने तिला बांधलं. एवढं धूड कोण खिशात घालणार? पण ती मूठ हाताला इतकी ओळखीची वाटायची की बाया ती मनगटात अडकवून सरळ चालायला लागायच्या. काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी नवा नियम काढला.

"चप्पल काढा," त्या म्हणायच्या. "डावी."

"कशाला हो?"

"किल्ली आणून द्या, चप्पल घेऊन जा. एका पायात चप्पल नसलेलं माणूस लांब जात नाही."

आणि खरंच कुणी जाईना. मोठमोठ्या घरच्या बायका, मास्तरीणबाई, डॉक्टरीण, सगळ्या एका पायावर लंगडी घालत चौक ओलांडायच्या आणि तशाच परत यायच्या. गल्ल्याखाली डाव्या चपलांची रांग लागायची. पण उन्हाळ्यात चौकातली फरशी इतकी तापायची की काकांना लोकांचे चटके बसलेले तळवे बघवेनात. त्यांनी एक रुंद, निळी रबरी चप्पल आणून ठेवली, डाव्या पायाची, कुणालाही होईल अशी. तेवढ्यापुरती घालायची आणि आल्यावर काढायची.

काकू भडकल्या. "अहो, मग जरब काय राहिली?"

"अगं, एक पाय तपकिरी नि एक निळा घेऊन गावभर कोण फिरणार आहे?" काका म्हणाले.

काकांचं हे वाक्य ध्यानात ठेवा, मित्रांनो.

ती वर्षं माझी फार छान गेली. एका म्हाताऱ्या बाईने तर मला परत देताना माझा मुका घेतला होता. लहान मुली मला हातात घ्यायला भांडायच्या. काका दर आठवड्याला कुलपात शिलाई मशीनचं तेल सोडायचे आणि मी आत गेले की कुलूप गुणगुणल्यासारखं उघडायचं. पुढे लोकांच्या फोनमध्ये नकाशे आले. त्या नकाशांत मनोरा होता, पूल होता, कॉफीची दुकानं होती, पण आमचं दार नव्हतं. लोक चौकातून मान खाली घालून जायचे, फोन सांगेल तिकडे. आमच्या दारावरून जाऊन पुढे कुठेतरी दार शोधायचे. काका तेल घालायला विसरू लागले. माझी दोरी काळी पडली. दिवसच्या दिवस मी खुंटीला लटकून राहायचे आणि चौकात कुणी चुळबुळत उभं दिसलं की मनातल्या मनात ओरडायचे, अहो, इकडे बघा, इकडे! किल्लीचा आवाज कोण ऐकतो?

अशाच एका सकाळी पर्यटकांची मोठी बस चौकात थांबली. तिच्यातून दोघी बहिणी उतरल्या. थोरली शिवणकाम करणारी असावी, कारण दुकानात शिरल्या शिरल्या तिने छत्रीच्या कापडाची शिवण दोन बोटांत धरून पाहिली आणि नाक मुरडलं. तिची धाकटी बहीण तिला 'ताई' म्हणत होती आणि ती हिला 'धाकटे'. आपण त्यांना तसंच म्हणू. धाकटी सारखी बोलत होती. ताई गप्प होती, पण तिचा एक हात पदरात घट्ट मुठीत आवळलेला होता. अशा मुठी मी फार पाहिल्या आहेत.

"इथे ते... जायला..." ताई पुटपुटली.

"डावी चप्पल," काकू म्हणाल्या.

ताईने आपली तपकिरी पट्ट्यांची चप्पल काढून ठेवली, निळी पायात सरकवली, मला घेतलं आणि चौक ओलांडला. कितीतरी दिवसांनी मी कुलपात शिरले. तेल नव्हतं, कुलूप कुरकुरलं, पण उघडलं. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता. दाराला कुलूप लावून ती दुकानाकडे वळणार, तेवढ्यात बसजवळची गाईड मुलगी शिट्टी फुंकू लागली. वाहतूक पोलिसाने बसला तिथून हलायला सांगितलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. धाकटी बसच्या पायरीवरून ओरडत होती, "ताई, अगं चल ना, गाडी सुटली!"

ताईची तारांबळ उडाली. हातात छत्रीची मूठ आली की ती मनगटात अडकवायची, ही तिची आयुष्यभराची सवय. तिने मला मनगटात अडकवलं आणि बस गाठली. बसमध्ये बसल्यावर मला पिशवीत कोंबलं, तेही न बघता, कारण तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर काकू ताईची तपकिरी चप्पल हवेत नाचवत बसमागे धावत होत्या.

"अगं बाई, माझी चप्पल!" ताई म्हणाली.

दोघींना वाटलं, काकू चप्पल द्यायला धावत आहेत. खरं तर त्या माझ्यासाठी धावत होत्या.

"काळजी करू नका मावशी," गाईड मुलगी म्हणाली. "संध्याकाळी परत याच चौकातून जायचंय. तेव्हा घ्या."

ताईने आपल्या पायांकडे पाहिलं, एक तपकिरी, एक निळा. धाकटीला इतकं हसू फुटलं की पुढच्या सीटवरचे लोक मागे वळून बघू लागले. मग ताईही हसली. मी मात्र पिशवीत घामाघूम झाले होते. पिशवीतून मुठीचं वाकडं टोक तेवढं बाहेर डोकावत होतं. ताईला वाटलं ती धाकटीची छत्री आहे, आणि धाकटीला वाटलं ताईची.

मित्रांनो, मला वर्षानुवर्षं कुठेतरी जायचं होतं. आज जायला मिळालं, तर माझं सगळं चित्त मागे चौकात. आता दाराशी कुणी आलं तर? काकू काय सांगतील? मी पिशवीत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. माझ्याशेजारी पाण्याची एक बाटली होती. तिचं सील सकाळपासून तसंच होतं.

त्या बाटलीची गोष्ट मला बहिणींच्या बोलण्यातून कळली. ताईला गेली काही वर्षं लघवी धरवत नसे. आधी तिने लांबची लग्नं सोडली, मग जवळची. मग बाजारात जाणंही धाकटीवर टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात. खरं कारण फक्त धाकटीला माहीत होतं, आणि त्या दोघीही त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायच्या. लहानपणी दोघींनी ठरवलं होतं की एकदा समुद्र बघायचा, तोही दोघींनी मिळूनच. आयुष्य सरत आलं तरी तो योग आला नव्हता. आता धाकटीने हट्टाने तिला बाहेर काढलं होतं. आजचा दिवस या शहरात आणि उद्या सकाळी पुढच्या गाडीने समुद्राकडे.

"हे बघ, आपलं काय ठरलंय?" ताई हळू आवाजात म्हणाली. "आजचा दिवस नीट गेला तर उद्या पुढे. नाहीतर मी घरी. मग परत कधी मला कुठे चल म्हणायचं नाही."

"जाईल गं नीट. थोडं पाणी तरी पी. ओठ बघ किती सुकलेत."

"पाणी प्यायलं की तिकडे जावं लागतं. नको."

पहिला मुक्काम संग्रहालय. ताईने राजेमहाराजांच्या तलवारी पाहिल्याच नाहीत. तिचे डोळे भिंतींवर बाण शोधत होते. बाण सापडला. बाणाच्या टोकाला दारही सापडलं, आणि दारावर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. ती पाटी इतकी जुनी होती की तिलाच दुरुस्तीची गरज होती. तिथल्या पहारेकऱ्याने खांदे उडवले आणि नदीकाठी जायला सांगितलं.

नदीकाठी पुन्हा बाण. दोघी बाणामागे निघाल्या. ताईच्या डाव्या पायातली निळी चप्पल फटक फटक वाजत होती आणि लोक वळून बघत होते. पहिल्या बाणापुढे दुसरा, दुसऱ्यापुढे तिसरा, आणि तिसरा बाण एका कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत उभा. भिंतीपलीकडे पूर्वी काहीतरी असावं. आता तिथे शोभेच्या वस्तूंचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "रोज येतात तुमच्यासारखे. बाण काढा म्हणून मी किती वेळा सांगितलं." मी पिशवीत धडपडत होते. अहो, मी आहे ना इथे! पण मी असून काय उपयोग? माझं दार तर मागे राहिलं होतं. दाराशिवाय किल्ली म्हणजे नुसतं पितळ.

मग कॉफीचं दुकान. तिथे 'फक्त ग्राहकांसाठी' असं लिहिलेलं. कॉफी घ्यावी तर आणखी पंचाईत. तरी धाकटीने घेतली. आत बायकांची रांग होती, ती हलेना, आणि बाहेर गाईडची शिट्टी वाजली. ताई रांगेतून तशीच परत फिरली. कॉफी टेबलावर निवत राहिली.

शेवटी धाकटीने एका मोठ्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. चकचकीत काचा, दारात गणवेशातला दरवान. तो आधी हसला. मग त्याची नजर खाली गेली. एक पाय तपकिरी, एक निळा. त्याचं हसू तिथेच आटलं.

"इथे उतरलेल्या पाहुण्यांसाठी आहे बाई," तो म्हणाला.

धाकटी भांडायच्या पवित्र्यात आली. "अहो, माझ्या बहिणीचं वय बघा जरा..."

"चल," ताई म्हणाली. फक्त तेवढंच. ती वळली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला त्या वेळी वाटलं, माझे दात नुसते कुलपात घालायचे नसते तर मी त्या दरवानाला कडकडून चावले असते.

बसमध्ये येऊन ताई खिडकीकडे तोंड करून बसली. बस सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "धाकटे, उद्या तू एकटी जा. मी घरी जाते. समुद्र काही माझ्या नशिबात नाही."

"ताई, असं काय गं..."

"एवढी मोठी झाले मी, आणि दारोदार फिरतेय. ते पण कशासाठी, तर..." तिला तो शब्दही उच्चारवेना. तिचे डोळे भरून आले. रुमालासाठी तिने पिशवीत हात घातला आणि हाताला मूठ लागली. "ही तुझी छत्री सारखी मधे येतेय बघ," ती चिडून म्हणाली.

"माझी कुठली? माझी ही काय, मांडीवर आहे."

ताईने मूठ ओढली. मूठ आली, पण तिच्यामागे छत्री नव्हती. काळ्या दोरीला मी लोंबकळत होते. दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं बाई," ताई म्हणाली, "ही तर त्या चौकातल्या दाराची किल्ली! आख्खं गाव पालथं घातलं आपण, आणि ही माझ्याच पिशवीत!" ती हसायला लागली, पण हसता हसता एकदम थांबली. तिचा चेहराच बदलला. "धाकटे, म्हणजे तिथे सकाळपासून दार बंद असणार. तिथे कुणीतरी उभं असेल गं. माझ्यासारखं. माझ्यामुळे."

मित्रांनो, मी सकाळपासून जे मनात घोकत होते, ते कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्याने बोललं. मला रडू आलं असतं, पण पितळेला रडता येत नाही.

ताईने गाईड मुलीला हाक मारली. "पोरी, बस मागे वळव. त्या चौकात जायचंय."

"मावशी, संध्याकाळी जातोयच ना आपण. आता पुढे राजवाडा आहे, मग बाग. वेळेचं गणित बिघडतं सगळं."

"नाही. आत्ता."

"पण कारण काय?"

मला वाटलं, ताई आता म्हणेल, गुडघे दुखतात. तिचे ओठ हलले, बंद झाले. मग तिने पुढच्या सीटचा दांडा धरला आणि चालत्या बसमध्ये उभी राहिली. सगळ्यांनी माना वळवल्या.

"मला लघवीला जायचंय," ताई मोठ्याने म्हणाली. "केव्हाची जागा शोधतेय, मिळाली नाही. आणि ज्या एका जागेची किल्ली आहे, ती मीच चुकून घेऊन आलेय. तिथे बाकीच्या बायका माझ्यामुळे अडकल्या असतील. बस वळवा."

धाकटी आ वासून बहिणीकडे बघत होती. मग मागून, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक जाडसर गृहस्थ खाकरले. "खरं सांगायचं तर... मलाही जायचंय."

"मलापण," एक नवी नवरी म्हणाली आणि नवऱ्याच्या खांद्यात तोंड लपवलं.

"आमच्या हिचं तर केव्हापासून चाललंय," लेकीला मांडीवर घेतलेली एक बाई म्हणाली. "मीच गप्प बस म्हणत होते."

बसच्या आरशात बघत ड्रायव्हर ओरडला, "अहो, मी पुलापासून कळ काढतोय! मला कुणी विचारलं का?"

आख्खी बस हसत सुटली. सगळे सकाळपासून चुळबुळत होते आणि सगळ्यांना वाटत होतं, आपणच एकटे. गाईड मुलगी तेवढी हसली नाही. ती ताईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी कामावर असले की दिवसभर पाणीच पीत नाही. रोजचं आहे." ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलीने शिट्टी फुंकली. ड्रायव्हरने बस अशी काही वळवली, की आमची पिशवी सीटवरून खाली आली.

रस्ताभर मी मनात एकच चित्र रंगवत होते. चौकात रांग असेल, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असेल, आणि मी पोचले की काकू मला उंच धरतील. पण चौकात पोचलो आणि बघतो तर काय, बायकांच्या दारापुढे छत्र्याच छत्र्या! लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या, काही काळ्या. कुठल्या कुठल्या छत्रीला किमतीची चिठ्ठीही तशीच लटकत होती. बायका त्या उघडून खांद्याला खांदा लावून पाठमोऱ्या उभ्या होत्या, जणू एक भिंतच.

झालं होतं असं. मी गेल्यावर थोड्या वेळाने एक पोटुशी बाई दुकानात आली. काकूंनी तिला सांगितलं, किल्ली बसने गेली. ती बिचारी पायरीवरच बसली आणि घळाघळा रडू लागली. काकू काकांवर ओरडल्या, "अहो, बघत काय बसलात? दार काढा!" काकांनी छत्र्या दुरुस्त करायचा पेचकस घेतला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दारच उचलून बाजूला ठेवलं. पण दार नाही म्हटल्यावर आडोसा कसला? मग काकूंनी दुकानातल्या छत्र्या बाहेर आणल्या आणि चौकातल्या बायकांच्या हातात एकेक दिली. तेव्हापासून एक जाई आणि बाकीच्या उभ्या राहत. जी आत जाऊन येई, ती पुढचीसाठी छत्री धरी. कुणी कुणाची चप्पल मागितली नाही.

दार भिंतीला टेकून उभं होतं. त्यातलं कुलूप मात्र सकाळी ताईने लावलं होतं तसंच बंद, इमानी आणि बिनकामाचं. ज्याच्यासाठी मी दिवसभर तळमळत होते, ते माझ्याशिवाय पार पडलं होतं. खरं सांगते मित्रांनो, मला वाईट वाटलं.

ताईने खाली मान घालून मला पुढे केलं. "माझं चुकलं हो. घाईत..."

"ते नंतर," काकू म्हणाल्या. "आधी आत जा बघू. चेहरा बघा काय झालाय."

धाकटीने लाल छत्री घेतली. नव्या नवरीने फुलांची घेतली. कॅमेरावाले गृहस्थ पाठ करून पुढे उभे राहिले आणि जो कुणी फोन वर करी, त्याला दरडावू लागले. ताई छत्र्यांमागे गेली. जी बाई तो शब्दही चारचौघांत उच्चारत नव्हती, ती भरदिवसा, भर चौकात, दार नसलेल्या जागी गेली. आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, आधी दबका, मग मोकळा.

ती बाहेर आली, तिने धाकटीच्या हातातली छत्री घेतली आणि गाईड मुलीला म्हणाली, "जा पोरी. मी धरते." मुलगी येईपर्यंत ती सैनिकासारखी ताठ उभी राहिली.

मग ती बसच्या पायरीवर टेकली. पिशवीतून बाटली काढली. झाकण फिरवलं, तेव्हा सील कडकन तुटल्याचं मी ऐकलं. कुलपाचा आवाज मी हजारदा ऐकलाय, पण इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता. ताईने बाटली तोंडाला लावली आणि निम्मी संपवूनच खाली ठेवली.

"उद्या किती वाजता निघायचंय गं?" तिने विचारलं.

धाकटीने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "लवकर. पण त्याआधी ती चप्पल बदल."

दुसऱ्या दिवशी काकांनी दार पुन्हा बसवलं. आतून एक भक्कम कडी लावली. काकूंनी त्यांना कुलूप काढून टाकायला सांगितलं. "नळ गेला तर दुसरा लावू," त्या म्हणाल्या. "समोर दुकान उघडं आहे, मला डोळे आहेत." कुलपाच्या भोकात काकांनी एक बूच ठोकलं. माझं काम संपलं.

मी फार दिवस रुसून होते. खुंटीवर लटकायचं, आणि आता कुणी न्यायलाही येणार नाही. बायका येत, काकूंना न विचारता सरळ दारात शिरत, दोन्ही चपला पायात घालून. मग एका दुपारी दोन बहिणी दुकानात आल्या. दोघींचे चेहरे उन्हाने रापलेले. ताईने गिऱ्हाइकांच्या देखत काकूंना विचारलं, "मोकळं आहे का? मला लघवीला जायचंय." जाऊन आल्यावर तिने खुंटीवरून मला काढलं आणि माझ्या काळ्या दोरीत एक छोटा शिंपला ओवला. शिंपल्याच्या खाचेत अजून चिमूटभर वाळू होती. तेव्हापासून मी शांत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठे जायचं नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल घाला, जपा. मी तसं काही मागत नाही. मी काळी पडले तरी चालेल. तुमच्यातलं कुणी उद्या घरं बांधेल, कुणी रस्ते, कुणी आख्खं शहर. तेव्हा अशा दाराला माझ्यासारखी किल्ली लागेल असं करू नका. आणि वाटेत कुणी ओठ चावत, इकडेतिकडे बघत उभं दिसलं, तर हसू नका. त्याला दार दाखवा. दार नसलं, तर छत्री उघडा आणि पाठ करून उभे राहा.